खत तयार, पण घेणारं कुणी नाही : वारज्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

वारज्यात पावणेदोनशे घरांची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. ओला आणि सुका कचरा तिथे बऱ्याच वर्षांपासून वेगळा होतो. सुका कचरा कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई नेतात, ओला कचरा मागच्या अंगाच्या शेडमधल्या यंत्रात जातो. कागदोपत्री सगळं नीट होतं. तरीही एका उन्हाळ्यात त्या शेडमागे खताच्या गोण्या पुरुषभर उंचीपर्यंत रचलेल्या होत्या. बागेत कुणी ते खत घालत नव्हतं, घरच्या कुंड्यांसाठी कुणी नेत नव्हतं, फुकट देऊ केलं तरी कुणी हात लावत नव्हतं. शेवटी कार्यकारिणीच्या बैठकीत या गोण्या टेंपोत भरून कचऱ्यात देऊन टाकण्याचा विषय निघाला. वीज, मजुरी आणि पावणेदोनशे घरांची रोजची शिस्त खर्चून तयार केलेलं खत पुन्हा कचरा म्हणून गेटाबाहेर जाणार होतं.

त्या टप्प्यावर मला बोलावलं गेलं. मी मृदाशास्त्र शिकले, काही वर्षं शिकवलंही, आणि आसपासच्या सोसायट्यांना माती आणि खताच्या कामात मदत करते. सोसायटीचं नाव इथे देत नाही. सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, "ताई, लोकांना कंपोस्टचे फायदे पटवून द्या. एखादं व्याख्यान ठेवू, पोस्टर लावू." व्याख्यान पुढे झालंही, पण ते या प्रकरणात सर्वांत कमी महत्त्वाचं ठरलं. खताचा प्रचार करायचा तर आधी ते खत मातीत घालण्याजोगं असावं लागतं, आणि मातीत ते काय करतं हे लोकांना आपल्याच आवारात बघता यावं लागतं. या सोसायटीत दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्या कशा जमल्या ते सविस्तर लिहिते, कारण पुण्यातल्या कितीतरी शेडमागे अशाच गोण्या पडून आहेत.

नियम यंत्राच्या तोंडाशी संपतो

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी आस्थापना 'मोठा कचरा उत्पादक' ठरली, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असं ठरलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलतही देते. या सगळ्यामागे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी सोसलेलं दुःख आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात जाऊन पडला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा करणाऱ्या शहराने आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकू नये, ही मागणी शंभर टक्के रास्त होती आणि आहे.

पण नियम कचरा जिरवण्याशी थांबतो. तयार झालेलं खत कोणत्या मातीत गेलं, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे सोसायट्यांचा विचारही यंत्राच्या तोंडाशीच थांबतो. यंत्र घेताना दरपत्रकं, हमी, देखभालीचा करार सगळं बारकाईने पाहिलं जातं. यंत्राच्या दुसऱ्या बाजूने जे बाहेर पडणार आहे त्याचं वर्षभर काय करायचं, याची नोंद मला या सोसायटीच्या इतिवृत्तात सापडली नाही.

माळीमामांनी सांगितलेली गोष्ट

गोण्यांबद्दलची पहिली खरी माहिती माळीमामांनी दिली. ते वेल्ह्याकडचे, घरी भातशेती. बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मीच ते घालायचं बंद केलंय. जास्वंदीला घातलं तर पानं पिवळी पडली. कुंडीत घातलं तर वास सुटला, चिलटं झाली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मलाच बोलल्या. मग मी गोण्या मागं लावत गेलो."

गोणी उघडली. आतला माल फिकट तपकिरी, कोरडा, भुरभुरीत. त्यात संत्र्याच्या सालीचे तुकडे ओळखू येत होते. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, हाराचे दोरे, रबरबँड होतेच. मूठभर माल ओला करून पिशवीत बंद करून ठेवला. तीन दिवसांनी पिशवी उघडली तेव्हा आंबूस घाण वास आला. पक्क्या झालेल्या खताला असा वास येत नाही. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असतो, आणि ते बंद पिशवीत आठवडाभर ठेवलं तरी तो बदलत नाही.

यंत्र विकणाऱ्या कंपनीने 'चोवीस तासांत खत' सांगितलं होतं. चोवीस तासांत कचरा बारीक होतो, तापतो आणि वाळतो, कुजत मात्र नाही. कुजणं हे जिवाणू आणि बुरशीचं काम आहे आणि त्याला त्यांचा वेळ लागतो. आधी साखर, पिष्ट असे सोपे पदार्थ खाल्ले जातात आणि ढीग तापतो, ५५ ते ६५ अंशांपर्यंत. मग उष्णता उतरते, बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव देठ-सालींतल्या चिवट भागाला भिडतात, आणि शेवटच्या मुरण्याच्या टप्प्यात ढीग शांत होतो. वाळवलेला कच्चा कचरा मातीत घालून पाणी दिलं, की थांबलेलं कुजणं झाडाच्या मुळाशी पुन्हा सुरू होतं. जिवाणू आपली भूक भागवायला मातीतलं नत्र (नायट्रोजन) आणि प्राणवायू ओढून घेतात, कुजताना तयार होणारी आम्लं कोवळ्या मुळांना भाजतात. जास्वंद पिवळी पडली ती यामुळे. रहिवासी म्हणत होते, "कंपोस्टने झाडं मरतात." त्यांनी पाहिलं ते खरंच होतं; फक्त त्यांनी जे पाहिलं ते कंपोस्ट नव्हतं.

अशा वेळी 'पृथ्वी वाचवा'ची पोस्टरं लावली असती तर सोसायटीचा विश्वास कायमचा गेला असता. सेक्रेटरींना तसं स्पष्ट सांगितलं आणि व्याख्यान पुढे ढकललं.

शेडमध्ये काय बदललं

यंत्र भंगारात काढायची गरज नव्हती. कचरा बारीक करण्यापुरता त्याचा उपयोग ठेवला, तापवणं-वाळवणं बंद केलं. यंत्रातून निघालेला माल हा कच्चा माल समजायचा आणि तो पानांबरोबर थर देऊन जाळीदार हौदात मुरवायचा, असं ठरलं. सच्छिद्र हौदाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी भिंतीत भोकं ठेवलेल्या विटांच्या हौदाची पद्धत रुजवली, ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून खेड्यापाड्यांत पोहोचली. भोकांमधून हवा खेळत राहते, म्हणून ढीग सडत नाही, कुजतो. सडणं आणि कुजणं यांतला हा फरक पुढे हवामानाच्या हिशेबातही येणार आहे.

पानांचा प्रश्न सोपा निघाला. आवारात पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांचा खच पडतो. आजवर ती पानं गोण्यांत भरून बाहेर जात, कधी कोपऱ्यात गुपचूप पेटवलीही जात. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, कर्ब (कार्बन) कमी. सुक्या पानांत उलट. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं. ते मोजायला प्रयोगशाळा नको, एक बादली कचऱ्याला दोन बादल्या पानं हा अंदाज चालतो. यापूर्वी सोसायटी लाकडाचा भुसा आणि विरजणाची पावडर विकत घेत होती. ती खरेदी जवळजवळ थांबली. पुण्यात 'ब्राउन लीफ' ही चळवळ २०१६ पासून पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देते आहे. त्यामुळे पावसाळ्यासाठी पानांचा साठा करताना या सोसायटीला शेजारच्या आवारांतूनही गोण्या मिळाल्या.

खरं कौशल्य शेडमध्ये काम करणाऱ्या ताईंचं. मिश्रण मुठीत दाबायचं. बोटांतून एखाद-दुसरा थेंब डोकावला तर ओल बरोबर, पाणी गळलं तर पानं वाढवायची. हौदात लांब दांड्याचा तापमापक खुपसून आकडा वहीत लिहायचा, तो उतरला की ढीग वरखाली करायचा. हे त्यांनी इतक्या चोखपणे केलं की पहिल्या हौदाचं तापमान ५५ अंशांवर टिकलं, त्या उष्णतेने कचऱ्यातलं बी मेलं, आणि खताबरोबर बागेत उगवणारी टोमॅटोची रोपं बंद झाली. भुसा-पावडरीत वाचलेल्या पैशांतून त्यांचा पगार वाढवावा, असा मी आग्रह धरला आणि कार्यकारिणीने तो मान्य केला. पुण्यातलं कचरा वर्गीकरण ज्यांच्या खांद्यावर उभं आहे त्या कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हापासून त्या हेच सांगत आल्या आहेत, की हे काम कौशल्याचं आहे आणि त्याचा मोबदला तसाच हवा. खताच्या दर्जाची चर्चा करताना हा मुद्दा वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

आठ-दहा आठवड्यांनी पहिला हौद रिकामा केला, चाळला. शहरी कंपोस्टसाठी केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाची अट आहे, की ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. आपण विक्री करत नव्हतो, तरी तीच चाळणी घेतली. वर राहिलेला चोथा पुढच्या हौदात विरजण म्हणून गेला, प्लास्टिकचे तुकडे हाताने वेचले.

मग हळीव. खत पक्कं झालं की नाही, त्यात मुळांना मारक काही उरलंय का, हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा जी बियाणी वापरतात त्यांत हळीव अग्रभागी आहे. ते झटपट उगवतं आणि कच्च्या खतातल्या आम्लांचा परिणाम त्याच्यावर फार लवकर दिसतो. आपल्याकडे ते बाळंतिणीच्या लाडवांसाठी घरोघरी असतंच. एका ताटलीत साधी माती, दुसरीत माती आणि जुन्या गोणीतला माल, तिसरीत माती आणि नवं खत, प्रत्येकीत चिमूटभर हळीव. ताटल्या लिफ्टशेजारच्या टेबलावर ठेवल्या, येता-जाता सगळ्यांना दिसतील अशा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत जुन्या मालातलं बरंचसं बी कुजून गेलं होतं, नव्या खतातलं हिरवंगार झालं होतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "हे खत कुंडीसाठी मिळेल का?"

पाणी मुरतं की वाहून जातं

सोसायटीची बाग म्हणजे मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, त्यावर वीतभर आणून टाकलेली लाल माती. पुण्यातल्या बहुतेक नव्या आवारांची हीच कथा. तपासणीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे 'कमी' वर्गात आला. आश्चर्य वाटलं नाही.

कुंपणालगत एकसारख्या मातीचे दोन पट्टे आखले. एकावर सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचा खताचा थर देऊन तो वरच्या मातीत मिसळला आणि वर पानांचं आच्छादन केलं. दुसरा होता तसा ठेवला. दोन्हींत सारखीच झाडं, सारखीच देखभाल. पाऊस सरल्यावर एका रविवारी मुलांना घेऊन पाणी मुरण्याची चाचणी केली. तळ कापलेला डबा दोन्ही पट्ट्यांत थोडा ठोकून बसवायचा, त्यात मोजून पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. खताच्या पट्ट्यात पाणी मुलांच्या डोळ्यांसमोर उतरत गेलं. दुसऱ्यात ते कितीतरी वेळ डब्यात तसंच उभं राहिलं. मग दोन्ही पट्ट्यांतलं एकेक वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडलं. साध्या मातीचं विरघळून गढूळ झालं, खताच्या मातीचं आकार धरून राहिलं.

यामागचं कारण मुलांनाही समजतं. सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू चिकट स्राव सोडतात, बुरशीचे धागे मातीच्या कणांना बांधून ठेवतात, गांडुळं वाटा पाडतात. मातीत रवे तयार होतात, रव्यांमध्ये पोकळ्या राहतात. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की वर पापुद्रा धरतो आणि पाणी गटाराची वाट धरतं. रवाळ, झाकलेल्या मातीत ते आत जातं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ओल आणि हवा दोन्ही मातीत असण्याची ती स्थिती, खताच्या पट्ट्यात जास्त दिवस टिकली. माळीमामा तिथे पाणी कमी वेळा देऊ लागले. मार्चपासून टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ही बातमी कुठल्याही पोस्टरपेक्षा वेगाने पसरली.

तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागला, की सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढले तर एकरी लाखभर लिटर जादा पाणी मातीत साठतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी तो सभेत उचलला. "ताई, आकडा कुठून आला ते सांगा, मग मी टाळ्या वाजवतो." त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. २०१८ मध्ये जगभरच्या हजारो माती-नमुन्यांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढल्यावर झाडांना उपलब्ध होणारं पाणी आकारमानाने सरासरी १.१६ टक्क्यानेच वाढतं असं निघालं. वरच्या ३० सेंटिमीटर मातीचा हिशेब केला तर चौरस मीटरला साडेतीन लिटर. एकराला ते चौदा-पंधरा हजार लिटर होतात, लाखभर नाहीत. वाळूमय जमिनीत फायदा जास्त, चिकणमातीत कमी. आणि एक टक्का कर्ब वाढवणं हे वर्षा-दोन वर्षांचं काम नव्हे.

काकांना हे सांगितलं, त्यांनी स्वतः गुणाकार करून पाहिला आणि म्हणाले, "मग पाणी वाचतंय ते आत मुरल्यामुळे आणि वरच्या आच्छादनामुळे. साठवणीमुळे नाही." अगदी बरोबर. खताची बाजू भक्कम असताना तिला फुगवून सांगायची गरज नसते, आणि फुगवलेला एक आकडा उघडा पडला की खरे दहा फायदेही लोक टाकून देतात. त्यानंतर ग्रुपवरच्या अशा संदेशांना काकाच उत्तरं देऊ लागले.

पोषणाबद्दलही हाच सरळपणा ठेवला. शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के असावं अशी अट आहे. म्हणजे १०० किलो खतात ८०० ग्रॅम नत्र, तेवढं पावणेदोन किलो युरियातही मिळतं, आणि कंपोस्टमधलं नत्र पहिल्याच हंगामात सगळं सुटतही नाही. युरियाशी तुलना करून कंपोस्ट विकायला जाल तर हराल. युरियात मातीतल्या जिवांना खायला सेंद्रिय पदार्थ नसतो, त्याने रवे बांधले जात नाहीत. कंपोस्टचं काम तिथे आहे.

हवामानाचा हिशेब

सभेत सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि जावा असंच मला वाटत होतं. अनेकांची समजूत होती, की कंपोस्ट मातीत कर्ब गाडतं म्हणून हवामानाला मदत होते. ते खरं आहे, पण या प्रकरणात तो छोटा भाग आहे. फळ्यावर दोन्ही हिशेब मांडले.

सोसायटीत दिवसाला साधारण ९० किलो ओला कचरा होतो, वर्षाला ३३ टन. हा कचरा खोल ढिगाऱ्यात टाकला तर काय होईल? आत हवा पोहोचत नाही, प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्यावर काम करतात आणि मिथेन सोडतात. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या प्रमाण पद्धतीत अन्नकचऱ्याच्या ओल्या वजनाच्या १५ टक्के विघटनशील कर्ब धरतात, त्यातला निम्मा सडतो, निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन, कर्बाच्या वजनावरून मिथेनचं वजन काढायला १६/१२, आणि खोल उघड्या ढिगासाठी ०.८ हा गुणक. गुणाकार केला की एक किलो कचऱ्यामागे सुमारे ४० ग्रॅम मिथेन येतो. ३३ टनांमागे १.३ टन. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणजे हे ३७ टन कार्बन डायऑक्साइडइतकं झालं. वीस वर्षांचं माप घेतलं तर मिथेनचा गुणक ८० च्या घरात जातो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो, म्हणून आज थांबवलेल्या मिथेनचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो. माझ्या दृष्टीने हवामानाच्या बाजूने कंपोस्टचं सर्वांत जोरदार कारण हे आहे.

कंपोस्ट करतानाही थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हा दुसरा तापवणारा वायू निघतो. त्याच पद्धतीचे सरासरी आकडे धरले तर ३३ टनांमागे सहा टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. हौद सडला, हवा कोंडली, तर हा आकडा वाढतो. म्हणून ढीग उलटणं, पानं घालणं हे हवामानाचंच काम आहे. वजा करून उरतात ३१ टन. पेट्रोलच्या भाषेत साडेतेरा हजार लिटर, दर घरामागे वर्षाला ७५ ते ८० लिटर. एका घराच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यासाठी हा आकडा मला लहान वाटत नाही.

आता मातीतला कर्ब. ३३ टन कचऱ्याचं सहा-सात टन खत होतं, त्यात एक टनाच्या आसपास कर्ब. तो सगळा मातीत कायमचा राहिला असं धरलं तरी ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. प्रत्यक्षात त्यातला बराचसा काही वर्षांत, दशकांत हवेत परत जातो. २०१५ च्या पॅरिस परिषदेत 'हजारी चार' हा जागतिक उपक्रम सुरू झाला, जमिनीतला कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवण्याचा. त्यामागचा विचार मोलाचा आहे, कारण जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये वातावरणापेक्षा जास्त कर्ब आहे. पण मातीत कर्ब घालायचा तो मातीसाठी, आणि मिथेन थांबवायचा तो हवामानासाठी, असं दोन वेगळ्या वाक्यांत सांगितलं की लोकांना दोन्ही पटतं.

एका तरुण रहिवाशाने अचूक शंका काढली: आपला वेगळा केलेला ओला कचरा महापालिकेने नेला आणि तो बायोगॅस प्रकल्पात गेला तर? तर ३७ टनांचा हिशेब लागू होत नाही, तिथेही मिथेन पकडला जातो. ३१ टनांची तुलना कचरा डेपोशी आहे. हे फळ्यावर लिहून ठेवलं. आवारात खत करण्याचे फायदे मग वाहतूक वाचणं आणि आपल्या मातीला खत मिळणं हे राहतात, आणि तेही कमी नाहीत.

पुरंदरचे काका

सहा-सात टन खत म्हणजे ५ सेंटिमीटर थराने जेमतेम अडीचशे चौरस मीटर जागा. पहिल्या वर्षी बाग आणि कुंड्यांनी ते सहज पचवलं. पण सुधारलेल्या मातीला दरवर्षी एवढं लागत नाही, आणि जास्त घालूही नये. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून मीठ येतं, स्फुरद (फॉस्फरस) साठतं. काहींनी सुचवलं की टेकडीवर नेऊन टाकू. त्याला मी ठाम विरोध केला. पुण्याच्या टेकड्यांवरचं गवताळ रान उथळ, गरीब मातीवरच घडलेलं आहे. तिथे खत ओतलं की आगंतुक तणांचं फावतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे भाऊ पुरंदर तालुक्यात अंजीर आणि सीताफळ घेतात. त्यांना खत दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, वास घेतला आणि परत ठेवलं. "ताई, हडपसरहून सासवडला जाताना रोज तो कचऱ्याचा डोंगर बघतो आम्ही. शहराच्या कचऱ्याचं खत म्हणून मागं गावात आलं होतं, त्यात काचा निघाल्या. बैलाच्या पायाला लागल्या. फुकट दिलं तरी कोण घेईल?"

त्यांच्या या वाक्याला वाद नव्हता. मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात काच, प्लास्टिक आणि जड धातू येतात, घराघरात वेगळा केलेल्या कचऱ्याच्या खतात ते खूप कमी असतात. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने अनेक शहरांच्या खतांचे नमुने तपासून हेच दाखवलं आहे. म्हणून त्यांना समजावत बसण्याऐवजी विचारलं, "काका, कशाकशाची खात्री हवी?" त्यांनी तीन अटी घातल्या. शेड स्वतः बघणार. शिसं, कॅडमियम यांची तपासणी करून कागद द्यायचा. आणि आधी थोड्याच झाडांना घालून बघणार. आम्ही खताचा नमुना प्रयोगशाळेत दिला. खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादा, शिसं किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम, त्यांच्या बऱ्याच खाली आकडे आले. काकांनी शेडमध्ये येऊन ताईंना तासभर प्रश्न विचारले. जाताना म्हणाले, "पहिल्यासारखी गुरं राहिली नाहीत, शेणखत मिळत नाही. हे असंच राहणार असेल तर मला लागेल."

राहणार असेल तर, हीच सगळी अडचण आहे. एक गोणी बिघडली तर ते परत येणार नाहीत.

सध्या कुठे आहे

आता प्रत्येक गोणीला चिठ्ठी असते: हौद कधी भरला, कधी चाळला, हळीव उगवलं का. चाचणीत नापास हौद पुन्हा मुरायला जातो. काकांच्या काही अंजिरांना एक हंगाम खत मिळालं आहे. फळाबद्दल बोलायला तो काळ फार कमी, पण झाडाच्या आळ्यात ओल जास्त टिकते असं ते सांगतात आणि पुढच्या गोण्यांची मागणी त्यांनी नोंदवली आहे. विक्री आम्ही करत नाही, त्यासाठी परवान्याची वाट वेगळी आहे. वाहतूक काका करतात, खत सोसायटी देते.

पावसाळा अजून जड जातो. पानं ओली होतात, हौदातून पाझर येतो, चिलटं वाढतात, आणि दोन-तीन घरांच्या तक्रारी दरवर्षी येतात. त्यासाठी मार्चमधली पानं छपराखाली कोरडी साठवायला जागा हवी, आणि ती पार्किंगमधूनच निघेल. सर्वसाधारण सभेत एका गाडीची जागा मागितली आहे. निर्णय झालेला नाही.

मातीची दुसरी तपासणी मुद्दाम तीन वर्षांनी ठेवली आहे, कारण सेंद्रिय कर्ब सावकाश वाढतो आणि लवकर मोजला तर आकड्यातला फरक मातीमुळे की नमुन्यामुळे हे कळत नाही. दोन्ही पट्ट्यांतले नमुने त्याच खोलीवरून, त्याच महिन्यात घ्यायचे आणि त्याच प्रयोगशाळेत द्यायचे. पाटबंधारेवाल्या काकांनी नमुन्याच्या जागांच्या खुणा कुंपणाच्या भिंतीवर रंगवून ठेवल्या आहेत, आणि या नोंदींची वही आता त्यांच्याकडे असते.